नावे ठेवणे आणि नाव देणे

पदव्युत्तर वर्गात भारतीय साहित्यविचार शिकवताना 'अत्यंत असत्' ही कल्पना समजावून द्यावी लागते. जे आज नाही पण उद्या असू शकेल ते वेगळे, आणि जे असूच शकत नाही, ज्याला केवळ शब्दापुरते अस्तित्व आहे, ते वेगळे. या दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे परंपरेनेच ठरवून दिलेली आहेत: सशाचे शिंग, आकाशातले फूल आणि वंध्येचा पुत्र. ही तिन्ही उदाहरणे मी कित्येक वर्षे फळ्यावर एकाखाली एक लिहीत आले. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती लिहून झाली आणि पर्समध्ये असलेल्या अहवालाची आठवण झाली. माझ्या गर्भाशयाला दोन शिंगे आहेत, असे त्यात लिहिले होते. शिंगही होते आणि वंध्याही होती. उरले होते ते फक्त आकाशातले फूल. क्षणभर हसू आले. मग फळा पुसला आणि तास पुढे नेला.

हा लेख माझ्या दुखण्याची कहाणी सांगण्यासाठी लिहिलेला नाही. तरीही तेवढा संदर्भ दिल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. लग्नानंतरच्या सहा वर्षांत दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा होण्याआधीच गर्भ गेला. त्यानंतर गर्भ राहिला नाही. आयव्हीएफची तयारी म्हणून तपासण्या सुरू झाल्या. गर्भाशयात रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये आतली पोकळी वरच्या बाजूला दुभंगलेली दिसली, अहवालात 'द्विशृंगी गर्भाशय' असा निष्कर्ष आला आणि पोट उघडून दोन भाग जोडून घेण्याच्या शस्त्रक्रियेविषयी बोलणे सुरू झाले. पुढे दुसऱ्या एका तज्ज्ञ बाईंनी थ्रीडी सोनोग्राफी केली तेव्हा उलगडा झाला की शिंगे नव्हतीच. गर्भाशय बाहेरून एकसंध होते. आत मधोमध वरून खाली उतरलेला एक पडदा होता. एका शब्दाच्या फरकामुळे पोट उघडले जायचे राहिले. शब्दांवरच ज्याचे पोट चालते अशा माणसाला ही गोष्ट सहजी विसरता येण्यासारखी नाही.

मला जे म्हणायचे आहे ते असे: गर्भाशयाची रचना जन्मतःच वेगळी असलेल्या स्त्रीला वंध्यत्वाच्या उपचारांना सामोरे जाताना जी पहिली तयारी करावी लागते, ती औषधांची नसून वर्णनाची असते. आपल्या शरीरात नेमके काय आहे, ते कशासारखे आहे, कशासारखे नाही, हे तिला स्वतःच्या भाषेत सांगता यावे लागते. आणि मराठीने, विशेषतः साहित्यिक मराठीने, तिला ही वर्णनाची भाषा दिलेली नाही. नावे ठेवण्याची भाषा मात्र भरपूर दिली आहे.

आधी शरीराविषयी. मुलगी आईच्या पोटात असताना तिच्या शरीरात दोन नलिका तयार होतात. योहानेस म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३० साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. या दोन नलिका खाली उतरत मध्यरेषेकडे येतात, एकमेकींना चिकटतात, आणि मग त्यांच्यामधली सामाईक भिंत हळूहळू विरून जाऊन एक पोकळी तयार होते. हीच गर्भाशयाची घडण. एक नलिका वाढलीच नाही तर गर्भाशय एकशृंगी राहते. दोन्ही वाढल्या पण जुळल्याच नाहीत तर दोन स्वतंत्र गर्भाशये होतात. खाली जुळल्या आणि वर जुळल्या नाहीत तर द्विशृंगी. पूर्ण जुळल्या, पण मधली भिंत विरली नाही, तर पडदा असलेले. म्हणजे प्रत्येक स्त्रीचे गर्भाशय आरंभी दोन भागांत असते. एकपणा त्याला पुढे मिळतो. ज्याला आपण दोष म्हणतो तो कुठून तरी आलेला डाग नसतो. एक सर्वसाधारण प्रक्रिया तिच्या वाटेवर मध्येच थांबलेली असते, एवढेच.

महाभारतातली जरासंधाची कथा इथे वाचकांना आठवेल. बृहद्रथाच्या दोन राण्यांनी एकाच आंब्याचे दोन भाग खाल्ले, दोघींना अर्धे अर्धे मूल झाले, आणि टाकून दिलेली ती दोन अर्धुके जरा राक्षसीने जोडली. दोन अर्ध्यांतून एक देह होतो, सांधा कायम राहतो, आणि पुढे त्या सांध्यावरच भीम त्याला फाडतो. कल्पना विलक्षण आहे. पण ती पुत्राच्या देहाविषयी आहे. अर्धे मूल हातात आलेल्या त्या दोन राण्यांचे काय झाले, हा प्रश्न कथेच्या पुढच्या भागाला पडत नाही. आपल्या परंपरेला पोटातून येणाऱ्या गोष्टीत जेवढा रस आहे तेवढा पोटात कधीच नव्हता.

ही रचना किती जणींत असते? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार सर्वसाधारण स्त्रियांत असे रचनाभेद ५.५ टक्के, गर्भ राहत नाही म्हणून तपासणी केलेल्या स्त्रियांत ८ टक्के, गर्भ गळून गेल्याचा इतिहास असलेल्यांत १३.३ टक्के, आणि ज्यांच्याबाबत या दोन्ही गोष्टी आहेत त्यांच्यात २४.५ टक्के आढळले. पहिला आकडा पुन्हा वाचावा. शंभरातल्या पाच-सहा जणी म्हणजे आपल्या कोणत्याही मोठ्या वर्गात निदान दोन-तीन विद्यार्थिनी. त्यांतल्या बऱ्याच जणींना हे आयुष्यभर कळणारही नाही, कारण त्यांना त्याचा कधी त्रासच होणार नाही. ज्यांना होईल त्यांतल्या अनेकींचा प्रश्न गर्भ न राहण्याचा नसून राहिलेला गर्भ न टिकण्याचा, मूल वेळेआधी जन्मण्याचा किंवा आडवे, पायाकडून येण्याचा असेल. थोडक्यात, आपल्या भाषेत ज्या एका शब्दात या सगळ्यांना कोंबले जाते, तो 'वांझ' हा शब्द त्यांना लागूच पडत नाही.

गंमत अशी की जुने वैद्यक याबाबतीत आजच्या बोलण्यापेक्षा अधिक नेमके होते. सुश्रुतसंहितेत गर्भधारणेला आवश्यक अशा चार गोष्टी सांगितल्या आहेत: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. म्हणजे काळ, जागा, पोषण आणि बीज यांचा एकत्र विचार. चौथ्या महिन्यापर्यंत जातो तो गर्भस्राव आणि त्यानंतर जातो तो गर्भपात, असा भेदही त्या परंपरेत आहे. आज मराठीत आपोआप गेलेला गर्भ आणि ठरवून काढलेला गर्भ या दोहोंनाही आपण 'गर्भपात' म्हणतो, आणि माझ्या केसपेपरवरही 'दोन गर्भपात' असेच लिहिले गेले. इंग्रजी वैद्यकातही बराच काळ हाच गोंधळ होता. १९८५ साली 'लॅन्सेट'मध्ये काही ब्रिटिश डॉक्टरांनी पत्र लिहून सुचवले की आपोआप गेलेल्या गर्भासाठी वेगळा शब्द वापरावा, कारण स्त्रियांना या शब्दाने दुखावल्यासारखे वाटते. पुढे तिथला वापर बदललाही. आपल्याकडे शब्द हाताशी असून आपण तो वापरातून जाऊ दिला.

'क्षेत्र' या शब्दाचे पुढे काय झाले ते मात्र पाहण्यासारखे आहे. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात बीज आणि भूमी या प्रतिमांची चिकित्सा केली. पुरुष बीज देतो, स्त्री म्हणजे शेत. आणि पीक ज्याचे बीज व ज्याची मालकी त्याचे. एकदा हे रूपक स्वीकारले की शेताला स्वतःची घडण असते, तिथे मातीचे थर असतात, खडक असतो, याचा विचारच उरत नाही. शेत सुपीक तरी असते नाही तर नापीक. हे केवळ भारतीय आहे असेही नाही. लोर्काने १९३४ साली लिहिलेल्या नाटकाचे आणि नायिकेचे नाव 'येर्मा', आणि त्या नावातच ओसाड जमीन आहे. नाटकाच्या अखेरीस ती नवऱ्याचा गळा दाबते. मूल का होत नाही, कुणाच्या शरीरात काय आहे, हे मात्र शेवटपर्यंत अज्ञातच राहते. नाटकाला ते कळायची गरज नाही. शोकांतिकेला ओसाडपणा पुरतो. उपचारांना तो पुरत नाही.

आता घराघरांतली भाषा. मराठीत गर्भाशयाला बोलण्यात 'गर्भाशय' कुणी म्हणत नाही, 'पिशवी' म्हणतात. पिशवी खाली आली, पिशवीला सूज आहे, पिशवी साफ करून घेतली, पिशवी काढून टाकली. माझ्या दुसऱ्या गर्भस्रावानंतर मावशी फोनवर म्हणाली, "अगं, एकदा पिशवी साफ करून घे, सगळं सुरळीत होईल." तिच्या बोलण्यात माया होती, आणि तिच्या पिढीचा अनुभवही होता. पण पिशवी म्हणजे झटकायची, धुवायची, उलटी करून वाळत घालायची वस्तू. प्रत्यक्षात गर्भाशय पुन्हा पुन्हा खरवडण्याने आतल्या भिंती एकमेकींना चिकटण्याचा धोका असतो. 'साफ' या शब्दात तो धोका कुठेच दिसत नाही. आणि पिशवी फाटली, जुनी झाली की फेकून देता येते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली आणि राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्यामागे दारिद्र्य होते, मुकादमाची उचल होती, खाडे परवडत नव्हते, खासगी दवाखान्यांचा व्यवहार होता. सारा दोष शब्दाच्या माथी मारणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही 'पिशवी काढून टाका' हे वाक्य ज्या सहजतेने उच्चारता येते ती सहजता या शब्दानेच पुरवली, असे मला वाटते.

याच्या उलट एक शब्द मराठीत आहे आणि तो मला फार आवडतो: पायाळू. पायाकडून जन्मलेले मूल. पायाळू माणसाला विजेचे भय असते, त्याला गुप्तधन दिसते, अशा समजुती आपण लहानपणी ऐकलेल्या असतात. समजुती खऱ्या नव्हेत. पण एक वेगळी घटना घडली, तिला भाषेने हेटाळणी न करता नाव दिले, त्या नावाभोवती कुतूहल उभे राहिले, हे महत्त्वाचे. गर्भाशयात पडदा असेल किंवा ते द्विशृंगी असेल तर मूल पायाळू येण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्या रचनेमुळे मूल पायाळू झाले असेल त्या रचनेला मराठीत नाव नाही, मुलाला आहे. जरासंधाचीच गोष्ट पुन्हा.

वैद्यकीय मराठीने जे नाव दिले ते 'जन्मजात विकृती'. साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'विकृत' या शब्दाचे वजन सांगायला नको. मी स्वतः 'रचनाभेद' हा शब्द वापरते. वर तो वापरलाच आहे. पण सौम्य शब्द घातला की काम झाले असे मी मानत नाही. पडदा असणे ही काही सौंदर्याची वेगळी तऱ्हा नव्हे. त्याच्यासोबत गर्भ गळण्याची शक्यता वाढते हे खरे आहे, आणि गोड नावाने ते लपवणे हीसुद्धा फसवणूकच. नावाकडून अपेक्षा एवढीच की त्याने प्रश्न विचारायची सोय ठेवावी. 'वांझ' या शब्दानंतर प्रश्न उरत नाही. 'विकृती'नंतर एकच उरतो: दुरुस्त कधी करायची? 'रचनाभेद' म्हटले की विचारता येते: कोणता? किती? त्याने काय होते? काय होत नाही?

इथे सुसान सोंटागची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९७८ सालच्या 'इलनेस अ‍ॅज मेटाफर'मध्ये तिने आजाराभोवतीची रूपके काढून टाकून आजाराकडे आजार म्हणून पाहावे, असा आग्रह धरला. मी बरीच वर्षे हे मत प्रमाण मानून शिकवत आले. आता मला ते अपुरे वाटते. गर्भाशयाच्या बाबतीत रूपकरहित भाषा अस्तित्वातच नाही. शिंग हे रूपक आहे, पडदा हे रूपक आहे, पिशवी हेही रूपकच. शरीरशास्त्राची लॅटिन भाषासुद्धा शिंगांचीच आहे. रूपक टाळता येत नाही. निवडता मात्र येते.

ज्या बाईंनी माझी थ्रीडी सोनोग्राफी केली त्यांनी ही निवड सहज केली. त्या म्हणाल्या, "चाळीतली खोली डोळ्यांसमोर आणा. एकाच खोलीत वरून अर्ध्यापर्यंत पार्टिशन घातलेलं असलं तरी बाहेरून खोली एकच दिसते, छप्परही एकच. तुमचं तसं आहे. द्विशृंगी म्हणजे दोन खोल्या, वर दोन वेगळी छपरं, मधे खाच. एक्स-रेत आपल्याला फक्त आतली मोकळी जागा दिसते, छप्पर दिसत नाही. म्हणून घोटाळा झाला." गर्भाशयाच्या बाह्य रेषेवरून हे दोन प्रकार ओळखायचे असतात, त्यासाठी थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो, आणि नुसत्या रंगद्रव्याच्या एक्स-रेवर विसंबून राहता येत नाही, ही सगळी माहिती त्या तीन-चार वाक्यांत होती. शिवाय या रूपकातून मला माझा पुढचा प्रश्न सुचला: पार्टिशन काढले तर खोली खरोखर राहण्याजोगी होईल का, की भिंतीलाच धक्का बसेल?

हा प्रश्न अडाणी नव्हता. पडदा दुर्बिणीतून कापण्याची शस्त्रक्रिया गेली अनेक दशके जगभर होत आली आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या आणि नंतरच्या गर्भारपणांची तुलना करून ती उपयुक्त असल्याचे सांगितले जाई. पण ज्या स्त्रियांचे गर्भ आधी गेले आहेत त्यांतल्या अनेकींना पुढच्या खेपेला काहीही न करतासुद्धा मूल होते, त्यामुळे अशा तुलनेवरून फारसे सिद्ध होत नाही. चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्याच्या पद्धतीची एक चाचणी नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिका आणि इराण या देशांतील केंद्रांत झाली आणि २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०१० ते २०१८ या आठ वर्षांत मिळून तिच्यात ८० स्त्रिया सहभागी होऊ शकल्या. पडदा कापलेल्या ३९ जणींपैकी १२ जणींना आणि न कापता वाट पाहिलेल्या ४० जणींपैकी १४ जणींना जिवंत मूल झाले. म्हणजे शस्त्रक्रियेचा फायदा दिसला नाही. चाचणी लहान होती, तिच्यावरून अखेरचा निकाल देता येत नाही, आणि तज्ज्ञांमध्ये आजही मतभेद आहेत. एवढेच नव्हे तर पडदा कशाला म्हणावे यावरही आहेत. युरोपीय संस्थांचे २०१३ सालचे वर्गीकरण आणि अमेरिकन संस्थेचे वर्गीकरण यांची मापे वेगळी आहेत. तेच गर्भाशय एका मापाने 'पडदा असलेले' ठरते तर दुसऱ्या मापाने ठरत नाही. निसर्गात जी रेषा नाही ती माणसांनी बैठकीत बसून आखली. साहित्यप्रकारांच्या व्याख्या शिकवणाऱ्यांना यात नवल वाटू नये. फरक एवढाच, की कादंबरीला दीर्घकथा म्हटल्याने कुणी तिला टेबलावर घेत नाही.

आयव्हीएफच्या संदर्भात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची होते. लोकांची समजूत अशी की टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे सगळे बाहेरच होते. बाहेर होते ते फक्त बीजांड आणि शुक्रजंतू यांचे मीलन आणि पहिले काही दिवस. नंतर गर्भ त्याच गर्भाशयात परत ठेवायचा असतो. म्हणून तिथली तयारी वगळून पुढे जाता येत नाही. ही तयारी बहुतांशी अगदी नीरस आहे. गर्भाशयाचे चित्र एकदा नीट काढून घेणे. मूत्रपिंडांची सोनोग्राफी, कारण दोहोंची वाढ शेजारीशेजारी होते आणि गर्भाशयाची रचना वेगळी असेल तर एखादे मूत्रपिंडही कमी असू शकते. नवऱ्याची वीर्यतपासणी, कारण गर्भाशयात काही सापडले म्हणून दुसरीकडे काही नसेलच असे नाही. थायरॉइड, साखर, रुबेलाची प्रतिकारशक्ती. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. पडदा कापायचे ठरले तर गर्भ ठेवण्याआधी जखम भरून येण्यासाठी काही आठवडे थांबणे. एका वेळी एकच गर्भ ठेवायचा, याविषयी डॉक्टरांशी आधी बोलून घेणे, कारण जागा लहान असेल तर जुळ्यांत वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढतो. दोन ठेवले तर दुप्पट संधी, हा हिशेब इथे उलटा पडतो. आणि गर्भ राहिलाच तर गर्भाशयाच्या मुखाची लांबी वेळोवेळी मोजणे, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी नाव घालणे. रजा मोजणे, पैसे मोजणे, आणि कुणाला सांगायचे, कुणाला नाही, हे ठरवणे.

या सगळ्याला आपल्या साहित्यात जागा नाही, हीच माझी तक्रार आहे. मूल नसलेली स्त्री मराठी कथेत नाही असे कोण म्हणेल? ती सणवारी ओटी भरताना डावलली जाते, सवत आणते, दत्तक घेते, वेडी होते, नवस फेडते. पण या गोष्टी एक तर अभावाच्या आहेत नाही तर चमत्काराच्या. कूस उजवली किंवा उजवली नाही. मधला काळ, म्हणजे अहवाल हातात घेऊन रांगेत बसण्याचा, मापे समजून घेण्याचा, निर्णय न होण्याचा काळ, गोष्टीत येत नाही. आला तर एका परिच्छेदात 'सगळे उपाय झाले' असा येतो. वास्तवात तोच काळ सगळ्यांत लांब असतो, आणि आशा व शंका एकाच वेळी बाळगायची म्हणजे काय, याचे शिक्षण तिथेच होते. वृत्तपत्रांनीही निकालाच्याच तारखा लक्षात ठेवल्या. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून मूल जन्मले, हे पाठ्यपुस्तकी ज्ञान झाले. त्याआधी १९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हेच साधले होते, पण त्यांचा दावा फेटाळला गेला आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. त्यावरून सुचलेला 'एक डॉक्टर की मौत' हा चित्रपट १९९० सालचा. दोन्ही गोष्टींत डॉक्टर आहे, बाळ आहे. तपासणीच्या टेबलावरची स्त्री काय विचार करत होती, हे कुठेही नाही.

यावर दोन आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. पहिला असा की, ही माहितीपत्रकांची कामे आहेत, साहित्याची नव्हेत. याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. ज्या अवयवांचा उच्चारही अश्लील समजला जाई त्यांच्याविषयी ते सरळ, न लाजता, न चघळता मराठी गद्य लिहीत, आणि त्यासाठी कोर्टात खेचले गेले. मूल नको असणाऱ्यांसाठी मराठीला अशी भाषा मिळवून देणारा माणूस निघाला. मूल हवे असणाऱ्यांसाठी तशी भाषा अजून घडायची आहे. कर्व्यांचे गद्य आपण वाङ्मयेतिहासात 'वैचारिक' या खणात ठेवून दिले; ते वर्णनाचे गद्य म्हणून कधी शिकवले नाही. कायदासुद्धा आपल्या पुढे गेला आहे. २०२२ सालच्या सरोगसीच्या नियमांत वैद्यकीय कारणे सांगताना लहान एकशृंगी गर्भाशय, टी-आकाराचे गर्भाशय असे आकार नावानिशी येतात. सरकारी राजपत्राला जे माहीत आहे ते कथाकारांना माहीत नसावे, हे काही भूषणावह नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मातृत्वाची सक्ती हाच मूळ प्रश्न असताना उपचारांच्या तयारीविषयी लिहिणे म्हणजे त्या सक्तीला हातभार लावणे नव्हे काय? माझ्या काही स्त्रीवादी मैत्रिणींनी हे मला तोंडावर विचारले, आणि त्यांचा प्रश्न मी झटकून टाकत नाही. मूल नसण्यात काही कमी नाही, हे मी मानते आणि वर्गात सांगतेही. पण मूल हवे असणारी स्त्री केवळ सक्तीची बाहुली आहे, तिची इच्छा तिची नाहीच, असे मानणे हेदेखील तिला नाव ठेवणेच झाले. शिवाय नेमकी भाषा असेल तरच थांबताही येते. 'अजून एकदा करून पाहू' याला नाही म्हणण्यासाठी काय केले, किती केले, त्यातून काय मिळण्याची शक्यता होती, हे स्वतःला सांगता यावे लागते. जिला फक्त 'वांझ' हा शब्द दिला आहे ती तो पुसण्यासाठी वाटेल ते करील. जिला आपल्या गर्भाशयाचा नकाशा माहीत आहे ती कुठवर जायचे ते ठरवू शकेल.

मराठीत 'नाव' या एका शब्दाचे दोन वाक्प्रचार होतात. बारशाला नाव ठेवतात आणि एरवी नावे ठेवतात. एकवचनात आपण माणसाला जगात घेतो आणि अनेकवचनात त्याला बाहेर काढतो. ज्यांच्या घरी बारसे होत नाही त्यांच्या वाट्याला दुसराच वाक्प्रचार येतो. साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांकडून माझी मागणी माफक आहे. 'वंध्यापुत्र' हे उदाहरण शिकवताना ते कुणाच्या देहावर उभे आहे, हे एका वाक्यात सांगावे. कथेत मूल नसलेली स्त्री आली की लेखकाने तिच्या शरीराविषयी काय माहीत करून घेतले आहे, हे तपासावे. आणि विद्यार्थिनींनी लिहिलेल्या गोष्टींत दवाखाना आला की तो 'गद्यप्राय' म्हणून कापू नये.

माझ्या पडद्याचे पुढे काय झाले, कापला की ठेवला, गर्भ ठेवला का, राहिला का, हे विचारण्याचा मोह वाचकांना होणे स्वाभाविक आहे. ते मी इथे लिहिणार नाही. लपवण्यासारखे काही आहे म्हणून नव्हे. निकाल सांगितला की वरचे सारे त्या निकालाची प्रस्तावना होऊन बसेल, आणि मी ज्या दोन प्रकारच्या गोष्टींविषयी तक्रार केली त्यांतल्या एकीत माझी गोष्ट जाऊन पडेल. सध्या एवढेच सांगता येते की निर्णय आम्ही दोघांनी आणि त्या डॉक्टर बाईंनी मिळून घेतला, त्याला चार भेटी लागल्या, आणि चौथ्या भेटीत काय करायचे व का करायचे, हे मी कागद न पाहता, एकही इंग्रजी शब्द न वापरता, सासूबाईंना समजेल अशा मराठीत सांगू शकले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे पार्टिशन आहे म्हण की. मग एवढी वर्षं आम्ही काय काय बोलत होतो!"